साडेतीनचा सेट: कोपरापुढची हाडं मोडल्यावर हातात काय बसवावं

ऑपरेशन थिएटरच्या दारात नातेवाईक अडवतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सिस्टर, प्लेट स्टीलची घालू का टायटॅनियमची?" माझी सगळी नोकरी सांगली-मिरज भागात ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या ऑपरेशनच्या थिएटरमध्ये ट्रॉली लावण्यात गेली. डॉक्टरांच्या हातात स्क्रू मी दिला, ड्रिल मी दिलं, ऑपरेशन संपल्यावर सेट मोजून घेतला तोही मीच. त्यामुळे या सामानाबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या माणसाच्या कोपर ते मनगट या भागातली दोन्ही हाडं मधोमध मोडून सरकली असतील, तर 3.5 मिलिमीटरच्या स्क्रूची साधी दाबाची प्लेट नीट बसवून घ्यावी. स्टीलची असली तरी चालेल. तिला मी पूर्ण गुण देते. बाकीच्या सामानाचेही उपयोग आहेत, पण ते ठरावीक वेळीच.

हा भाग एवढा नाजूक का, ते आधी सांगते. इथे दोन हाडं आहेत. करंगळीच्या बाजूचं अल्ना हे जवळजवळ सरळ, आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस किंचित बाहेर वाकलेलं. तळवा वर-खाली फिरवताना रेडियस अल्नाभोवती फिरतं. ते वाकण आहे म्हणून फिरायला जागा मिळते. हाड जुळलं पण वाकण गेलं, तर एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसतं आणि हात मात्र फिरत नाही. मांडीचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी माणूस चालतो. इथे तशी सूट नाही. म्हणून ऑर्थोचे डॉक्टर या मोडीला सांध्याच्या मोडीइतकाच मान देतात. लांबी, वाक आणि पीळ, तिन्ही जसेच्या तसे यायला हवेत.

माझ्या मावशीचा हात खूप वर्षांपूर्वी मोडला होता. तेव्हा प्लास्टरवर भागवलं. हाड जुळलं, दुखणं गेलं, घरच्यांनी पेढे वाटले. पण पूजेनंतर तीर्थ घ्यायला ती उजवा तळवा उताणा करू शकत नसे. कोपर अंगाला चिकटवून, खांदा वाकवून कसाबसा हात पुढे करायची आणि पळीतलं पाणी बोटांवरून ओघळून जायचं. भाकरी मात्र ती थापायची, कारण त्याला तळवा खालीच लागतो. दुकानात सुट्टे पैसे घेताना, तोंड धुताना ओंजळ करताना, पदर मागून पुढे घेताना तिची अडचण दिसायची. रोजच्या कामाला तळवा वरच्या बाजूला साधारण 50 अंश आणि खालच्या बाजूला 50 अंश फिरला तरी पुरतं, असं ऑर्थोत मानतात. मावशीचा वरच्या बाजूला त्याच्या निम्माही फिरत नव्हता. त्यामुळे "हाड जुळलं ना, मग झालं" हे वाक्य मला आजही ऐकवत नाही.

आता सेटबद्दल. आम्ही त्याला स्मॉल फ्रॅगमेंट किंवा नुसता 'साडेतीनचा' म्हणतो. पत्र्याच्या पेटीत एका बाजूला प्लेटा, दुसऱ्या बाजूला मापानुसार रांगेत उभे स्क्रू, आणि त्यांच्याबरोबर 2.5 मिलिमीटरचं ड्रिल बिट, हाडात आटे पाडायचा टॅप, खोली मोजायचा गेज आणि षटकोनी टोकाचा स्क्रूड्रायव्हर. खरी करामत प्लेटच्या भोकात आहे. भोक लांबट असतं आणि त्याची एक कड उतरती केलेली असते. मोडीपासून लांबच्या टोकाला ड्रिल करून स्क्रू पिळला, की त्याचं डोकं त्या उतारावरून खाली घसरतं आणि स्क्रूसकट हाडाचं टोक मिलिमीटरभर मोडीकडे सरकतं. दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जातात. त्यासाठी ड्रिल गाइडलाही दोन बाजू असतात. हिरवी साध्या स्क्रूची, पिवळी दाबाच्या स्क्रूची. डॉक्टरांनी "पिवळी" म्हटलं की आता फट मिटणार हे मला कळायचं. दाबून बसलेल्या मोडीत हाड बाहेर फारसा गठ्ठा न करता आतून जुळतं. कधीकधी काही महिन्यांनी एक्स-रेत मोडीची रेघ शोधावी लागते.

ही कल्पना एका दिवसात आली नाही. ब्रसेल्सच्या रोबेर दानिस या सर्जनने दाब देणाऱ्या प्लेटा वापरून दाखवल्या होत्या. 1950 साली मॉरिस म्युलर हा तरुण स्विस डॉक्टर त्यांच्याकडे जाऊन ते काम बघून आला. 1958 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये एओ नावाचा गट काढला. हाड घट्ट बसवा आणि सांधे लगेच हलवा, हा त्यांचा आग्रह होता. आज तालुक्याच्या गावातल्या ट्रॉलीवरही त्यांनी ठरवलेल्या मापांचीच हत्यारं असतात. लांबट भोकाची डीसीपी, म्हणजे हीच दाबाची प्लेट, 1969 च्या सुमाराला आली. पुढे तिचाच सुधारलेला प्रकार, एलसी-डीसीपी, आला. या प्लेटच्या पोटाला खाचा आहेत, म्हणजे हाडावरचं आवरण सगळीकडे चेपलं जात नाही आणि रक्तपुरवठा टिकतो.

प्लेट किती लांब हवी, यावर तडजोड करू नये. मोडीच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू हाडाच्या दोन्ही भिंतींत रुतलेला. यालाच डॉक्टर सहा कॉर्टेक्स म्हणतात. प्रौढाच्या हातात त्यामुळे सहा, सात, आठ भोकांची प्लेट लागते. पैसे वाचवायला आखूड प्लेट किंवा पत्र्यासारखी पातळ वन-थर्ड ट्युब्युलर प्लेट कुणी इथे घालत असेल, तर मला पटत नाही. ती घोट्याच्या बाहेरच्या हाडाला छान असते, पण या हाडांवर जो पीळ पडतो तो तिला झेपत नाही. ती वाकते, स्क्रू सैल होतात आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. उलटी चूकही होते. "जाड घाला डॉक्टर, मजबूत राहील" म्हणून नातेवाईक मागे लागतात. 4.5 मिलिमीटरच्या स्क्रूची प्लेट मांडीच्या आणि पायाच्या हाडाची. हातात तिची भोकं हाडाच्या मानाने फार मोठी होतात, आणि प्लेट काढल्यावर त्याच भोकातून हाड पुन्हा मोडायचा धोका वाढतो. या भागासाठी 3.5 चं माप ठरलं ते अनुभवातूनच.

लॉकिंग प्लेटबद्दल बाजारात जेवढं बोललं जातं, तेवढं तिच्याबद्दल मला बोलावंसं वाटत नाही. पण ती वाईट नाही. तिच्या भोकाला आणि स्क्रूच्या डोक्याला आटे असतात. स्क्रू प्लेटमध्येच लॉक होतो, हाडाची पकड ढिली असली तरी सुटत नाही. त्यासाठी 2.8 मिलिमीटरचं ड्रिल आणि ठरावीक जोर झाला की टक्कन आवाज करून थांबणारा स्क्रूड्रायव्हर लागतो. म्हातारपणात हाड ठिसूळ झालं असेल, मधल्या हाडाचा चुरा झाला असेल, सांध्याजवळ स्क्रूंना जागा कमी असेल, तर लॉकिंगच घ्यावी. पण पस्तिशीतल्या माणसाच्या धडधाकट हाडात सरळ मोड असेल, तर साध्या दाबाच्या प्लेटपेक्षा लॉकिंगने हाड लवकर जुळतं असं नाही. किंमत मात्र कित्येक पटींनी वाढते. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, लॉकिंग स्क्रू हाडाला प्लेटकडे ओढून घेत नाही. मोडीत फट ठेवून सगळं लॉक करून टाकलं, तर ती फट तशीच राहते. मग महाग प्लेट असूनही हाड जुळायला रखडतं.

स्टील की टायटॅनियम, याचं माझं उत्तर असं. चांगलं 316 एल स्टील हातात वर्षानुवर्षं शांत बसतं. निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियम घ्या. टायटॅनियम थोडं लवचीक, हलकं, आणि पुढे एमआरआय काढायचा झाला तर चित्रात गडबड कमी. स्टील असलं तरी एमआरआय साधारणपणे होतो, फक्त प्लेटच्या आसपासचं चित्र बिघडतं. याखेरीज हातातल्या प्लेटसाठी दागिने गहाण ठेवून टायटॅनियम घेण्याची गरज मला कधी दिसली नाही. "योजनेतून केलं तर हलकी प्लेट घालतात" ही समजूतही गावोगावी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या शस्त्रक्रिया आहेत, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्यात योग्य लांबीची साधी स्टीलची प्लेट चांगल्या हातांनी बसवली, तर हाताला काही कमी पडत नाही. फक्त आपला दवाखाना योजनेत आहे का आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं.

रॉड किंवा नेल हा दुसरा पर्याय. आपल्याकडे चौकोनी नेल बराच वापरला जातो, काही जण त्याला तळवलकर नेल म्हणतात. छोट्या कापातून हाडाच्या पोकळीत घालायचा, मोडीची जागा उघडायलाही लागत नाही, खर्च कमी, व्रण लहान. लहान मुलांत टायटॅनियमचे लवचीक नेल उत्तम काम करतात, कारण मुलांची हाडं स्वतःला बरीच सरळ करून घेतात. मोठ्या माणसाची तशी करत नाहीत. साधा नेल हाडाला ओळीत ठेवतो, पण पीळ आवरत नाही. म्हणून वर प्लास्टर ठेवावं लागतं आणि सांधे आखडतात. सरळ नेल रेडियसमध्ये घातला की वाकणही सपाट होऊ शकतं. चामडी फार खराब असेल, मोठा काप झेपणार नसेल, किंवा हाडाचे दोन ठिकाणी तुकडे असतील, तर नेलचा विचार योग्य आहे. टोकांना स्क्रूने अडकवलेल्या इंटरलॉकिंग नेलमध्ये पीळही बराच आवरतो, पण ते काम सगळीकडे होत नाही. धडधाकट प्रौढाला मी नेल सुचवणार नाही.

बाहेरून सळया लावायचा एक्सटर्नल फिक्सेटर मळणी यंत्रात किंवा पट्ट्यात हात सापडलेल्या माणसाला लागतो. जखम मातीने भरलेली, मांस फाटलेलं. आधी धुणं, मग तात्पुरता फिक्सेटर, जखम सुधारली की प्लेट. तिथे घाई करून चालत नाही. आणि एकट्या अल्नाची, फार न सरकलेली मोड असेल, तर ऑपरेशनशिवाय ब्रेसवरही ती जुळते. "प्लेट घालाच" असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये. मात्र एकच हाड मोडलंय असं दिसलं, तरी कोपर आणि मनगट दोन्ही एक्स-रेत आलेच पाहिजेत. अल्ना मोडून कोपरात रेडियसचं डोकं निखळणं हे 1814 मध्ये मिलानच्या माँतेज्जाने सांगितलं. रेडियस मोडून मनगटाजवळचा रेडियस-अल्नाचा सांधा निखळणं त्याच शहरातल्या गालेआत्झीच्या नावाने ओळखलं जातं. दोन्ही प्रकार नजरेतून सुटून जाण्यासारखे आहेत, आणि सुटले तर हात कायमचा अधू होतो.

माझ्या धाकट्या दिराचा हात गेल्या गळीत हंगामात मोडला. रात्री रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे रिफ्लेक्टर नाही. त्याने बाइक वाचवली पण स्वतः पडला. दोन्ही हाडं मोडली, रेडियसमध्ये मधला एक तिकोनी तुकडा सुटा झाला होता. ऑपरेशन झालं तेव्हा जुन्या ओळखीने मी टोपी-मास्क लावून कोपऱ्यात उभी होते. हंसळीच्या वर सुई देऊन हात बधिर केला होता. दीर जागा होता, पडद्याआडून "वहिनी, आहेस ना?" असं विचारत होता.

दोन हाडांना दोन वेगळे काप घेतले. हे मी मुद्दाम बघितलं. एकाच कापातून दोन्ही हाडं उघडली, तर मध्ये हाडाचा पूल तयार होऊन दोन्ही हाडं एकमेकांना चिकटू शकतात, मग फिरणं संपलंच. रेडियसला तळव्याच्या बाजूने, अल्नाला करंगळीच्या कडेने. सुटा तुकडा आधी एका स्क्रूने हाडाला ओढून बसवला आणि मग वर प्लेट ठेवली. दोन्ही प्लेटा एकेका बाजूला दोन-दोन स्क्रूंवर तात्पुरत्या धरल्यावर डॉक्टरांनी कोपर काटकोनात धरलं आणि तळवा फिरवला. खाली छान गेला. वर येता येता अडखळला. सी-आर्म या थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर मोड तंतोतंत जुळलेली होती, पुष्कळ जण तिथे "फायनल करा" म्हणाले असते. डॉक्टरांनी रेडियसचे स्क्रू काढायला सांगितले. सरळ प्लेटने हाडाचं वाकण ओढून सपाट केलं होतं. प्लेट प्रेसमध्ये घालून अगदी नजरेला जेमतेम कळेल एवढी वाकवली, पुन्हा बसवली. या वेळी तळवा पूर्ण उताणा झाला. रक्त थांबवायला दंडाला टर्निके, म्हणजे आवळपट्टा, लावलेला असताना घड्याळ चालू असतं, अशा वेळी बसवलेले स्क्रू काढून पुन्हा बसवणारा सर्जन मला कुठल्याही ब्रँडपेक्षा मोलाचा वाटतो. नातेवाइकांनी विचारायचंच असेल तर हे विचारावं, "डॉक्टर, टेबलावर तळवा पूर्ण फिरतो का ते बघणार ना?" कुठलाही चांगला डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाही.

शेवटी स्नायूंवरचं जाड आवरण शिवलं नाही, फक्त कातडी जवळ आणली. सूज यायला जागा हवी म्हणून. कोपरापुढच्या भागात सूज कोंडली तर स्नायू गुदमरतात. बोटं दुसऱ्याने सरळ केली की जीव जाईल असं दुखतं, पेनकिलरला दाद देत नाही. हे ऑपरेशनच्या आधीही होतं, नंतरही होतं. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवा, पट्टी सैल करायला लावा, डॉक्टरांना बोलवायला लावा. हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या आणि करकचून बांधलेली पट्टी यांमुळे बोटं पंज्यासारखी आखडलेली माणसं मी पाहिली आहेत. तो हात पुन्हा पहिल्यासारखा करायला कुठलाही सेट उपयोगी पडत नाही.

नंतरच्या सेवेला गुण देताना मी फिजिओथेरपिस्टना वरचा नंबर देते. प्लेट घट्ट बसली असेल तर बोटं दुसऱ्याच दिवसापासून हलवायची, हात उशीवर उंच ठेवायचा, खांदा आणि कोपर काही दिवसांत मोकळे करायचे. दिराकडून त्यांनी लाटणं धरून तळवा हळूहळू आडवा-उभा करून घेतला. वजन मात्र उचलायचं नाही. हाड जुळायला साधारण तीन-चार महिने जातात, आणि एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच बाइक, बादली, पोतं. तंबाखू आणि मिसरी या काळात पूर्ण बंद हवी. निकोटिनने हाडाचा रक्तपुरवठा आखडतो आणि जुळणं रखडतं. दिराची पुडी जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी चुलीत टाकली, ते मला फार आवडलं.

बिलाबद्दल एक तक्रार आहे, दवाखान्याचं नाव घेत नाही. आमच्या शेजारच्या मुलाला दुसऱ्या एका ठिकाणी न विचारता टायटॅनियमची लॉकिंग प्लेट घातली आणि डिस्चार्जच्या दिवशी वडिलांच्या हातात बिल ठेवलं. मोड साधी होती. बिलात नुसतं "इम्प्लांट" एवढंच लिहिलेलं. कंपनी नाही, भोकं किती ते नाही, लॉट नंबर नाही. ही पद्धत चुकीची आहे. कुठली प्लेट, कुठल्या धातूची, कितीला, हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं. नंतर इम्प्लांटचं स्टिकर किंवा लॉट नंबर केसपेपरवर आणि बिलावर यायला हवा.

तो कागद पुढे कामाला येतो तो प्लेट काढताना. प्रौढाच्या हातातली प्लेट त्रास देत नसेल तर काढायची गरज नाही. अल्नाची प्लेट कातडीखालीच असते, टेबलावर हात टेकला की टोचते, थंडीत ठणकते. त्यामुळे काही जणांना ती काढावीच लागते. पण दीड-दोन वर्षांच्या आत काढू नका. हाड आतून पूर्ण भरलेलं नसतं, स्क्रूची भोकं रिकामी राहतात आणि साध्या धक्क्याने तिथेच पुन्हा मोडतं. काढल्यानंतरही काही आठवडे हात जपावा लागतो. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू कधीकधी प्लेटमध्ये असे जाम होतात की डोकं घासून गुळगुळीत होतं, मग ड्रिलने कापून काढावे लागतात. रेडियसची प्लेट काढताना नसांजवळ पुन्हा जावं लागतं, म्हणून ती शक्यतो राहू द्यावी असं माझं मत. दिरालाही मी तेच सांगितलंय. अल्नाची खुपली तर तेवढीच काढू, आणि त्या दिवशी डॉक्टरांना जुना कागद आधी दाखवू, म्हणजे डोकं षटकोनी आहे का ताऱ्याचं हे कळेल आणि ट्रॉलीवर बरोबर स्क्रूड्रायव्हर येईल.